मोजणी बंद, वाटणी चालू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जनगणनेत जात मोजावी की नाही, यावर आपल्या पत्रस्तंभात बरेच दिवस वाद रंगला आहे. ‘मोजणे बंद केले की भेद आपोआप विरतील’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा मॉरिशसकडे पाहावे, म्हणून हे पत्र. आपल्याकडे त्या देशाची बातमी येते ती समुद्रकिनाऱ्यांची, नाहीतर तिथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाची. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, याचे आम्हा कोकणवासीयांना कोण कौतुक! पण आपल्या भागातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांचे वंशज निवडणुकीला उभे राहतात, तेव्हा समुदायाच्या रकान्यात त्यांना ‘मराठी’ असे लिहिता येत नाही. तिथल्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुसूचीत समुदाय चारच: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. मराठी, तमिळ, तेलुगू हे सगळे हिंदूंत धरलेले. ‘जीवनपद्धतीवरून’ जो पहिल्या तिघांत बसत नाही, तो चौथ्यात. त्यामुळे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांची आणि त्यांना राबवून घेणाऱ्या फ्रेंच मळेवाल्यांची आजची पिढी एकाच रकान्यात आली आहे.

यामागची भीती मात्र खरी होती. 1967 च्या निवडणुकीत स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला सुमारे 44 टक्के मते पडली. बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपले काय होणार, हा त्यामागचा प्रश्न. पुढे जानेवारी 1968 मध्ये राजधानी पोर्ट लुईत दंगल पेटली, ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले आणि दोनच महिन्यांत, 12 मार्चला, देश स्वतंत्र झाला. अशा वेळी घटनेत जी तोड काढली गेली ती मला आजही हुशारीची वाटते. आपल्याकडे 1909 साली आले तसे विभक्त मतदारसंघ त्यांनी ठेवले नाहीत. सगळे एकत्र मतदान करतात आणि 62 जण निवडून येतात. मग ज्या समुदायाला त्याच्या संख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या असतील, त्यातल्या चांगली मते घेऊन पडलेल्या उमेदवारांना जास्तीत जास्त आठ जागा दिल्या जातात. निवडून आलेल्या कोणाचीही खुर्ची जात नाही. पहिल्या चार जागा देताना पक्ष पाहत नाहीत. पुढच्या चार देताना पक्षांचे बलाबल बिघडणार नाही हे पाहतात. मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच आघाडीने जिंकल्या, असे 1982, 1995 आणि 2024 मध्ये घडले. तेव्हा तिथल्या विरोधकांना सभागृहात पाऊल ठेवता आले ते याच दाराने.

घोळ झाला तो 1982 नंतर. नव्या सरकारने ‘आपण सारे मॉरिशियन’ या भावनेने जनगणनेतून समुदायाचा प्रश्नच काढून टाकला. भावना उदात्त, पण या जागा तशाच ठेवल्या! वाटपाला आधार म्हणून 1972 ची जनगणना घटनेत कायम करून टाकली. तेव्हा लोकसंख्या होती सुमारे साडेआठ लाख, आता आहे साडेबारा लाखांच्या आसपास. अर्ध्या शतकात कोण वाढले, कोण घटले, किती लग्ने समुदायाबाहेर झाली, याचा हिशेब कोणाकडेच नाही. उमेदवाराच्या मागचा रकाना मात्र सुटला नाही. समुदाय सांगायला नकार देणाऱ्या अनेकांचे अर्ज 2010 मध्ये बाद झाले. इतक्या जुन्या आकड्यांवर समुदाय सांगण्याची सक्ती करणे मनमानी आहे, असा निर्वाळा 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने दिला. त्यावर 2014 च्या निवडणुकीपुरती सूट देण्यात आली, बस्स.

पर्याय सुचवले गेले नाहीत असेही नाही. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांच्या आयोगाने 2002 मध्येच पक्षांच्या मतांच्या प्रमाणात 30 जादा जागा देण्याची शिफारस केली होती. 2018 मध्ये ही जुनी पद्धत मोडीत काढणारे विधेयकही आले. तीन चतुर्थांश बहुमत काही जुळले नाही. विरोध करणाऱ्यांना, विशेषतः मुस्लिम समाजातल्यांना, मी आडमुठे म्हणणार नाही. हातात असलेली हमी पक्षनेत्यांच्या यादीच्या भरवशावर कोण सोडील?

आपणही फार वेगळे नाही. इतर मागासवर्ग देशात 52 टक्के आहेत, हा मंडल आयोगाचा 1980 च्या अहवालातला अंदाज 1931 च्या जनगणनेवर बेतलेला होता, आणि अजूनही सभांतून तोच आकडा फेकला जातो. मोजणीला ज्यांचा विरोध आहे त्यांनी तो खुशाल करावा, पण मग वाटप कोणत्या आकड्यावर करायचे, हेही पुढच्या पत्रात लिहावे.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी