बॉब पैसे काढणार का?

पिट्सबर्ग,
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज बघितला, "काय रे, तुझे पायरेट्स परत तळाला?" आणि खाली तीन हसणारे चेहरे. व्हॉट्सॲपवर उत्तर टाइप करत बसलो, अंगठा दुखायला लागला तरी विषय संपेना, म्हणून म्हणलं सरळ पत्रच लिहावं, कॉलेजात असताना सुट्टीत लिहायचो तसं. चहा ठेव आणि वाच, मोठं होणारे.

तर हो, आमची बेसबॉलची टीम, पिट्सबर्ग पायरेट्स, परत तळाला. १६२ मॅचमध्ये ७१ जिंकलो, ९१ हरलो, आपल्या डिव्हिजनमध्ये पाचपैकी पाचवे. पण गंमत ऐक. जगातला आत्ताचा सगळ्यात भारी पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आमच्याकडे आहे. पॉल स्कीन्स. गेल्याच आठवड्यात त्याला साय यंग अवॉर्ड मिळालं, म्हणजे लीगमधला वर्षातला बेस्ट पिचर, आणि तेही एकमताने. त्याची सरासरी १.९७, म्हणजे नऊ इनिंग टाकल्या तर समोरच्याला दोन रनसुद्धा धड मिळत नाहीत. आणि अशा माणसाचा स्वतःचा हिशोब काय, तर १० जिंकल्या १० हरल्या! कारण आमच्या बॅटरनी अख्ख्या मेजर लीगमध्ये सगळ्यात कमी रन केले आणि सगळ्यात कमी होम रन, म्हणजे आपले सिक्सर, मारले. म्हणजे एका टोकाला बुमराह घरच्यासारखे यॉर्कर टाकतोय आणि दुसऱ्या टोकाला आपल्या सोसायटीची टीम बॅटिंग करतेय असं समज.

आता इथे थंडी पडली, बेसबॉल बंद, आणि खरा सीझन आता सुरू झालाय, वाद घालायचा. प्रश्न एकच: बॉब पैसे काढणार का, म्हणजे चांगले खेळाडू घ्यायला खिशात हात घालणार का?

बॉब म्हणजे बॉब नटिंग, आमचा ओनर. वर्तमानपत्रांच्या धंद्यातलं घराणं, २००७ पासून टीमचा मुख्य मालक. यावर्षी पहिल्या होम मॅचला स्टेडियमवरून चक्क विमान फिरलं, मागे बॅनर, "टीम विक, बॉब". खाली लोक पण तेच ओरडत होते. एप्रिलमध्ये अजून दोन भानगडी झाल्या. रॉबर्टो क्लेमेंटेचा २१ नंबर राइट फील्डच्या भिंतीवर होता, तो काढून तिथे दारूची जाहिरात लावली. क्लेमेंटे म्हणजे आमचा जुना खेळाडू, इथला देवमाणूस रे, १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघाला आणि विमान समुद्रात पडलं. त्याच्या मुलाने नाराजी दाखवली तेव्हा नंबर परत लावला. आणि दुसरं म्हणजे स्टेडियम बांधताना चाहत्यांनी पैसे भरून आपापली नावं कोरलेल्या विटा बसवल्या होत्या, त्या उखडलेल्या विटा रीसायकलिंगच्या ढिगात दिसल्या. कित्येक विटांवर गेलेल्या आईवडलांची नावं. आता यात किती पैसे लागतात सांग मला, ना नंबर ठेवायला लागतात ना विटा जपायला. मला खेळाडूंच्या पगारातल्या कंजूषीपेक्षा हेच जास्त लागलं खरं तर.

तुला माझ्या शेजारच्या आजोबांबद्दल बोललो होतो ना, ज्यांनी मला बर्फ कसा उपसायचा ते शिकवलं? ते १९६० साली दहा वर्षांचे होते. त्यावर्षी पायरेट्सनी न्यूयॉर्कच्या यँकीजना वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे फायनलच्या, सातव्या मॅचमध्ये १०-९ ने हरवलं, बिल मॅझरॉस्कीने शेवटच्या इनिंगला होम रन मारून. ते मैदान, फोर्ब्स फील्ड, आता नाहीये, पण युनिव्हर्सिटीजवळ त्याच्या भिंतीचा एक तुकडा उभाय, विटांची भिंत, वर वेली चढलेल्या. दरवर्षी १३ ऑक्टोबरला तिथे माणसं जमतात आणि त्या मॅचची जुनी रेडिओ कॉमेंट्री लावून ऐकतात. अख्खी मॅच! यंदा आजोबा मला घेऊन गेले, मी हाफ डे टाकला. घडीच्या खुर्च्या, थर्मासमध्ये कॉफी, कुणाच्या डोक्यावर त्या काळातली टोपी. निकाल ६५ वर्षांपूर्वी लागलेला, सगळ्यांना तोंडपाठ, तरी यँकीज बरोबरी करतात तेव्हा माणसं खरोखर हळहळतात. आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या बायकांना पुढे काय होणार माहीत असतं तरी पदर डोळ्याला लागतोच ना, तसंच. दुपारी ३:३६ ला होम रन झाला आणि आजोबांनी माझा दंड धरला, घट्ट, अजून आठवतंय.

आणि मग कॉमेंट्री संपल्यावर पाच मिनिटांत भांडण सुरू! एक माणूस २१ नंबरची जर्सी घालून आलेला, तो म्हणाला, "या हिवाळ्यात काढेल बघा पैसे, स्कीन्स आहे तोवर नाही काढले तर कधी काढणार?" दुसरा म्हणाला, "हे मी १९९३ पासून ऐकतोय." बाकीचे हसले पण ते हसू काही बरं नव्हतं.

१९९३ चा संदर्भ तुला लागणार नाही. १९९२ ला बॅरी बाँड्स, दणदणीत बॅटर, इथे होता, फायनलच्या एक पायरी अलीकडे सातव्या मॅचमध्ये शेवटच्या क्षणाला हरले, बाँड्स जास्त पैशासाठी सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि मग १९९३ ते २०१२ ओळीने वीस सीझन हरण्यात गेले. वीस! पोरं जन्मली, कॉलेजला गेली, टीम हरतेच आहे. आणि माझं नशीब बघ, मी इथे आलो २०१३ च्या ऑगस्टमध्ये. त्याच वर्षी ९४ मॅच जिंकल्या. प्लेऑफच्या मॅचला अख्खं स्टेडियम काळ्या कपड्यात, समोरच्या पिचरचं नाव लांबवून ओरडतंय, "क्वेऽऽटो", त्याच्या हातातून बॉल खाली पडला आणि पुढच्याच बॉलला रसेल मार्टिनने होम रन मारला. मी टीव्हीसमोर, नियम अर्धे कळत नव्हते, पण गेलो कामातून. मला वाटलं ही टीम अशीच असते! आजोबा तेव्हाच म्हणाले होते, पोरा तू चुकीच्या वर्षी आलास. २०१५ ला ९८ जिंकल्या आणि त्यानंतर आजतागायत प्लेऑफचं तोंड बघितलेलं नाही.

आता मुद्दा पैशाचा. तू म्हणशील सगळ्यांना सारखीच पर्स, म्हणजे खेळाडूंवर खर्चायची मर्यादा, असेल ना. नाही रे बाबा, तिथेच तर सगळी गोम आहे. आयपीएलला कसं, २०२५ ला १२० कोटी म्हणजे १२० कोटी, अंबानी असो नाहीतर कुणी. बेसबॉलमध्ये पर्सच नाही. एका हद्दीच्या वर गेलास तर टॅक्स भर, बस. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी ओहतानी या जपानी स्टारला दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर दिले, २०२४ मध्ये त्यांनी नुसता टॅक्स भरला १०.३ कोटी डॉलर, आणि आमच्या अख्ख्या टीमचा वर्षाचा पगार नऊ कोटींच्या आसपास! म्हणजे त्यांचा दंड आमच्या पगारापेक्षा जास्त. लॉस एंजेलिसला टीव्हीचे हक्क अब्जावधीत विकले जातात, पिट्सबर्गला कोण देणार तेवढे. एवढं मी बॉबच्या बाजूने मान्य करतो, आजोबा करत नाहीत.

पण दुसरी बाजू ऐक. पर्सला जशी वरची मर्यादा नाही तशी खालची पण नाही. आयपीएलमध्ये किमान ७५ टक्के खर्च करावाच लागतो, इथे तसलं काही नाही. उलट सगळ्या तीस टीम आपल्या स्थानिक कमाईतले ४८ टक्के एका डब्यात टाकतात आणि ते सगळ्यांना सारखे वाटले जातात, म्हणजे छोट्या गावाच्या टीमला बसल्या जागी पैसे येतात. २०१० साली आमच्या क्लबचे हिशोबाचे कागद फुटले होते, त्यात २००७ आणि २००८ मिळून जवळजवळ २.९ कोटी डॉलर नफा, आणि दोन्ही वर्षी नव्वदच्या वर मॅच हरलेल्या. बॉबकडे पैसा आहे की नाही यावर लोक उगाच घसा कोरडा करतात. आहेच. हरून पण दुकान नफ्यात चालत असेल तर माणूस जिंकण्यासाठी खिशात हात का घालेल, हे मला कुणीतरी सांगा. मी मालक असतो तर घातला असता का? आजोबांना हे विचारलं तर ते दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

बरं, क्लबचं तेव्हाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ते म्हणायचे आम्ही पैसा ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवी पोरं निवडण्यात आणि घडवण्यात घालतो, आणि खरंच २०११ पर्यंत घातला, त्यातूनच ती २०१३ ची टीम उभी राहिली. मग लीगने ड्राफ्टमधल्या खर्चावर लगाम घातला. गरीब टीमला हुशारीने पुढे जायची जी एक फट होती ती बुजवली आणि मोठ्यांच्या पगाराला मात्र हात लावला नाही. आहे की नाही कमाल?

आणि नुसता पैसा असला म्हणजे सगळं झालं असंही नाही. मिलवॉकीचं मार्केट आमच्याहून लहान, यंदा ९७ मॅच जिंकले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. १९९७ ला आमच्या इथेच अख्ख्या टीमचा पगार ९० लाख डॉलर होता, शिकागोच्या एकट्या आल्बर्ट बेलला एक कोटी होते, तरी ती टीम शेवटपर्यंत शर्यतीत राहिली, लोक अजून त्या पोरांची नावं प्रेमाने घेतात. म्हणजे अक्कल तरी पाहिजे नाहीतर पैसा तरी. आमच्याकडे २०१९ च्या शेवटी नवा जनरल मॅनेजर आला तेव्हापासून "रीबिल्ड", म्हणजे टीम नव्याने उभी करणं, चालू आहे. आपल्या चौकातला तो बोर्ड आठव, "काम प्रगतीपथावर आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व", बोर्ड गंजला तरी पूल काही होत नाही.

स्कीन्सचं गणित सांगतो म्हणजे सगळ्यांची घाई का चालू आहे ते कळेल. खेळाडू पहिली सहा वर्षं टीमशी बांधलेला, त्यातली पहिली तीन जवळपास किमान पगारावर. या जगातल्या बेस्ट पिचरला यंदाचा पगार होता पावणेनऊ लाख डॉलर, म्हणजे बेसबॉलच्या भाषेत वडापावचे पैसे. २०२९ संपलं की तो मोकळा, आणि इथे कुणालाच तो राहील असं वाटत नाही. टीमच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्सचा, आठ वर्षं, १० कोटी ६७ लाखांच्या आसपास. स्कीन्सला त्याच्या तिप्पट तरी लागतील. म्हणून ते जर्सीवाले काका म्हणत होते की आत्ता दोन दणदणीत बॅटर विकत घ्या, स्वस्तातला स्कीन्स आहे तोवर. पुढच्या महिन्यात सगळ्या टीमचे लोक विंटर मीटिंगला जमतील तेव्हा कळेल. इथे कुजबुज आहे की यावेळी पैसे काढणार. मला विचारशील तर थोडे काढेल, फोटोपुरते.

आजोबांचा इलाज एकच, बहिष्कार. तीन वर्षं झाली स्टेडियमला पाय लावलेला नाही, रेडिओवर ऐकतात. मी त्यांना कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टीमची गोष्ट सांगितली. तिथल्या लोकांनी २०२३ च्या जूनमध्ये उलटा बहिष्कार केला, एका फालतू मंगळवारच्या मॅचला मुद्दाम जवळजवळ २८ हजार माणसं आली, सगळी ओरडतायत "विक". हेतू काय तर दाखवायचं की चाहते आहेत, मालकच नालायक आहे. काय झालं? मालकाने टीम उचलली आणि नेली, आता ते सॅक्रामेंटोला खेळतात, पुढे लास वेगास. गेलास तरी तेच, नाही गेलास तरी तेच. आजोबा म्हणाले, "मग निदान माझे पैसे तरी वाचले."

आणि मी? मी काय करतो तुला सांगतो, पण तुझ्यामाझ्यातच. स्कीन्स टाकणार असेल त्या दिवशी मी जातो. मॅचच्या दिवशी क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद असतो, पिवळ्याधमक पुलावरून चालत नदी ओलांडायची, समोर स्टेडियम, मागे वळलं की अख्खं शहर. मधेच पिरोगीची शर्यत, पिरोगी म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेली करंजी, तिचे पोशाख घालून माणसं मैदानात पळतात, माझी पोरगी त्यासाठीच येते. एकदा गेलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तो इतका छान टाकतोय मग आपण हरतोय का?" मला उत्तर देता येईना. आपलीच माणसं बॅट हलवून परत जातायत, त्यांच्याकडे बघत राहिलो. घरी आल्यावर टोपी गाडीतच ठेवली, आजोबा व्हरांड्यात बसलेले असतात.

एक राहिलंच. २००८ मध्ये भारतातल्या दोन पोरांना याच टीमने घेतलं होतं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघं यूपीचे, भालाफेकवाले, रिॲलिटी शोमधून निवडलेले. (आपला केकेआरवाला रिंकू नव्हे, हा पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला.) आजोबांना ते नीट आठवतात. म्हणाले, "बॉबला स्वस्तात माल मिळत असेल तर तो भारतापर्यंत जातो." मी हसलो, पण खरं सांगू, थोडा रागच आला.

वहिनींना नमस्कार. तू एप्रिल-मेमध्ये येतो म्हणालायस ते फिक्स कर. येताना शेंगदाण्याची चटणी आण आणि एक पाकीट जास्तीचं, आजोबांना फार आवडते, ब्रेडला लावून खातात. स्कीन्सची तारीख बघून तिकिटं मी काढून ठेवतो, पुलावरून चालत जाऊ. फक्त त्यांच्यासमोर बोलू नकोस, विचारलं तर सांग म्युझियमला गेलो होतो.

तुझा,
चुकीच्या वर्षी आलेला