आईसाठी पाचवी सीट

मानहाइम, जर्मनी

ती. आबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी, अनुजा आणि ईरा, आम्ही तिघं मजेत आहोत. घर आहे, नोकरी आहे. हे आधी लिहितो, कारण फोटोत व्हॅनमधला पलंग बघून आईनं माईला विचारलं म्हणे, "भाड्याचं घर सोडलं का यांनी?" नाही गं आई. गाडी फक्त सुट्टीपुरती. आत ओटा आहे, पाण्याची टाकी आहे, रात्री पाठ टेकता येते. घेतली तीही जुनी, आणि लॉजचं भाडं वाचतं.

आबा, तुम्ही विचारलंत, चार सीट असताना पाचवी कशाला. तुम्ही दोघं आलात की आपण पाच होतो म्हणून. आई म्हणते, "मी ईराला मांडीवर घेते, नाहीतर खाली बसते." इथं मूल बारा वर्षांचं किंवा दीड मीटर उंच होईपर्यंत त्याला वेगळी खुर्ची लागते, मांडी चालत नाही. आणि नियम नसता तरी मी आईला खाली बसू दिलं नसतं. जोतिबाला जाताना वडापच्या जीपमध्ये ती कायम कडेला, अर्धी सीटवर, अर्धी बाहेर, आणि वर मी मांडीवर. ते मी विसरलेलो नाही.

आपल्याकडे वेल्डरनं अर्ध्या दिवसात सीट बसवून दिली असती. इथं स्वतःच्या गाडीत स्वतःच्या पैशानं सीट घालायची तरी आधी तपासणीच्या इंजिनिअरला विचारतात. त्या संस्थेला ट्यूफ म्हणतात. आबा, तुम्हाला हे लगेच पटेल. गाळपाआधी कारखान्यावर बॉयलर इन्स्पेक्टर यायचा, त्याच्या सहीशिवाय बॉयलर पेटायचा नाही. हेही तिथूनच आलंय. याच मानहाइममध्ये १८६५ साली बिअरच्या कारखान्यातला बॉयलर फुटला, आणि १८६६ मध्ये बॉयलरवाल्यांनीच एकत्र येऊन तपासणीची संस्था काढली. त्यातून हे सगळं वाढलं. आता दर दोन वर्षांनी गाड्याही तपासतात आणि नंबरप्लेटवर रंगीत गोल स्टिकर लावतात. स्टिकरच्या रंगावरून वर्ष कळतं, वरच्या आकड्यावरून महिना.

आपल्या सीटचा पट्टा सीटलाच जोडलेला आहे, म्हणजे धडक बसली तर सगळी ओढ सीटच्या पायांवर. गाडीच्या तळाला प्लायवूड आहे, त्यात स्क्रू मारून भागत नाही. खालून पोलादी पट्टी देऊन बोल्ट आवळावे लागतात. चाचणीत कमरेचा आणि खांद्याचा पट्टा प्रत्येकी साधारण १,३५० किलोच्या जोरानं ओढून बघतात. त्या चाचणीचा कागद असलेलीच सीट मी घेतली. तोंड पुढे ठेवलंय, आईला गाडी लागते. वजनाचाही हिशेब असतो, माणशी ७५ किलो धरतात, आणि माझ्या लायसन्सवर सगळं मिळून ३,५०० किलोच्या वर चालत नाही. म्हणून सायकलींचा स्टँड काढून टाकला. इंजिनिअरनं गाडीखाली जाऊन एकेक बोल्ट पाहिला, मगच कागद दिला. तो घेऊन आरटीओसारख्या कचेरीत गेलो, आता गाडीच्या पुस्तकात पाच आसनं लिहून आली आहेत. आई, पाचवी तुझी. दाराशी आहे, पाय पसरता येतात, आणि गुडघ्यांसाठी खाली ठेवायची पायरीही आणली.

पैसे ओव्हरटाइमचे गेले. सोसायटीच्या हप्त्याला हात लावलेला नाही, या महिन्याचा पाठवलाय, पासबुक भरून बघा. स्वयंपाकघराचा पत्रा मागच्या पावसात गळला, आईनं पातेली मांडून दिवस काढले, हे मला माईकडून कळलं. तुम्ही का नाही सांगितलं? ते पैसे वेगळे काढलेत, पावसाच्या आत काम उरकून घ्या. उसाचं बिल आल्यावर बघू, असं करू नका.

व्हिसाला ३०,००० युरोचा विमा लागतो, तो इथून मी काढतो. मेच्या सुरुवातीला या. जुलैत कृष्णेचं पाणी चढायच्या आत घरी पोचाल, २०१९ सारखी धास्ती नको.

माईचं इस्लामपूरचं स्थळ चांगलं वाटतं. मुलाशी बोललो, सरळ आहे. साखरपुड्याला मला रजा मिळत नाही, तिला मी फोनवर सांगितलं, ती "बरं" म्हणाली आणि फोन आईकडे दिला. तिची समजूत काढा. लग्न मात्र तुळशीच्या लग्नानंतरचंच धरा, तेव्हाची रजा मी आत्ताच मागून ठेवलीय. कार्यालयाचा इसारा मी भरतो, दागिन्यांचं अनुजा माईशी बोलेल. त्यासाठी शेताच्या बांधालाही हात लावायचा नाही, आबा. तारीख ठरली की लगेच कळवा, तिकिटं काढतो.

तुमचा,
संदीप