अण्णाकाकांचं क्लॅरिओनेट

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू, बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात जातो, म्हणून लिहितेय. अण्णाकाकांचं क्लॅरिओनेट साखर पेठेतल्या त्या पोराला द्यायचं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे त्याला सांगूनही टाकलंय. रविवारी सकाळी तो घरी येईल.

बाबा, लगेच चष्मा काढून ठेवू नका. पुढचं वाचा.

कपाटात राहिलं तर डोळ्यांसमोर राहील, हे तुमचं म्हणणं कळतं मला. पण ते लाकडी आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 42-43 ला जातो. न वाजवता पडलेलं लाकूड सुकून तडकतं, सांध्यांवरचं बूच झडतं, चाव्यांखालच्या गाद्यांना कसर लागते. चातुर्मासात लग्नाची एक सुपारी नसायची, दिवसभर मागावर उभं राहून यायचे, तरी काका रोज रात्री फुंकायला बसायचेच ना? हौस होती, पण वाद्य जितं ठेवायचं हेही होतं. तुळशीचं लग्न लागलं की माग सुटायचा आणि वराती सुरू.

सकाळची सुपारी असली की माझी वेणी तेच घालायचे, कारण आई, तू भाकऱ्यांत असायचीस. तोंडात क्लॅरिओनेटची रीड भिजत ठेवलेली, त्यामुळे बोलायची सोय नाही. मी काही विचारलं की नाकातून "हं". नको असलं तर "हंहं". रिबिनीची गाठ इतकी घट्ट की शाळा सुटेपर्यंत कपाळ ताणलेलं! क्लॅरिओनेटवाले मास्टर इब्राहिम यांच्या तबकड्या ऐकून ऐकून त्यांनी सिनेमाची गाणी कशी बसवली ते सगळ्या गल्लीला माहीत आहे, वेणीचं आपल्यालाच.

आणि पंगत. डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणाऱ्या पोरांच्या पानाचं कुणाला सुचायचं नाही. काका वाद्याची पेटी बंद करून मांडवाच्या दारात उभे राहायचे, "आधी बत्तीवाले, मग आम्ही." त्यावरून एका वरबापाशी चांगलंच वाजलं होतं, बाबा, तुम्हीच मध्ये पडला होतात. हा पोरगा त्या बत्तीवाल्यांपैकीच एकाचा. मला तेवढं पुरे आहे.

शिवाय आपण नवीन काहीच करत नाही आहोत. वरचे दात गेल्यावर मुखनळी धरवेना, कवळी बसवली तरी सूर हलायचा, तेव्हा काकांनीच गड्ड्याच्या जत्रेआधी ते त्याच्या हातात दिलं होतं. नंतर त्याच्याकडे कान लावून बसायचे आणि चुकला की "काय बे!" म्हणून हसायचे. डीजे आल्यापासून सुपाऱ्या कमी झाल्यात, तरी तो टिकून आहे. लाल कोट, टोपी आणि बँडचा तो फोटो कुठेही जाणार नाही. ते घरचंच.

आता ऐका. पेटी वरच्या फळीवर आहे, बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. तो काढून घेईल. सकाळची गोळी चुकवायची नाही. पाणी येईल त्या दिवशी आईने घागरी उचलायच्या नाहीत, खालच्या मुलाला हाक मारायची, मी त्याच्याशी बोललेय. कूलरचा वाळा बदलून घ्या, पैसे पाठवलेत, बँकेत ठेवू नका! आई, पोराला नुसता चहा देऊ नकोस. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही दे. लाजेल, आग्रह कर. वाजवून दाखव म्हणू नका. बाबांना वाटलं तर बाबा म्हणतील.

पेटीच्या कप्प्यात रीडच्या डबीखाली चिठ्ठ्या निघतील. बँडमधल्या कुणाकुणाला दिलेल्या उसन्या पैशांचा हिशोब आहे तो. फाडून टाका, आणि बाबा, कुणाकडे विषयही काढू नका.

तुमची,
छकी