पैसे मधल्या काळात कोणाचे?

चिरंजीव लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा पेमेंट कंपन्यांच्या दरांचा तक्ता मिळाला. तक्ता काळजीपूर्वक केला आहेस, परंतु त्यातला पहिला रकाना दराचा आहे, आणि माझ्या मते तो शेवटचा असायला हवा. तुझे संकेतस्थळ स्वतः काहीच विकत नाही; शिकवणी, भाषांतर अशी कामे करणाऱ्यांशी ते ग्राहकांची गाठ घालून देते. पैसे ग्राहक देतो, काम सेवादाता करतो आणि तू दोघांच्या मध्ये उभी असतेस. म्हणून आधी हे ठरव की ग्राहकाने दिलेली रक्कम सेवादात्याच्या हाती पडेपर्यंत कोणाच्या ताब्यात राहणार, आणि ती परत करण्याची वेळ आली तर भुर्दंड कोण सोसणार. ही दोन उत्तरे मिळाली की तक्त्यातली काही नावे आपोआप गळतील.

साध्या ऑनलाइन दुकानासाठी असलेला गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) घ्यावा, सगळी रक्कम आपल्या खात्यात जमा होऊ द्यावी आणि दर आठवड्याला ज्याचे त्याला वाटून द्यावे, हा तू सुचवलेला मार्ग सोपा दिसतो, पण तो मला पसंत नाही. दुसऱ्याचे पैसे स्वीकारून तिसऱ्याकडे पोहोचवणे हा अनेक देशांत परवान्याचा व्यवसाय मानला जातो. युरोपीय संघाच्या 2015 सालच्या पेमेंट सेवा निर्देशात मध्यस्थाला सूट आहे, पण तो फक्त ग्राहकाच्या किंवा फक्त विक्रेत्याच्या वतीने काम करत असेल तरच. दोन्ही बाजूंना सांभाळणाऱ्या बाजारपेठेला तिचा आधार घेता येत नाही. शिवाय ती रक्कम तुझ्या खात्यात दिसू लागली की ती आपलीच आहे असे वाटू लागते आणि अडचणीच्या महिन्यात तिच्यातूनच पगार दिले जातात. हा मोह चांगल्या माणसांनाही होतो, म्हणून व्यवस्थाच अशी निवडावी की त्या पैशाला हात लावण्याची सोय उरू नये.

स्ट्राइप या पेमेंट कंपनीची कनेक्ट किंवा अ‍ॅडियनची प्लॅटफॉर्मसाठीची (म्हणजे तुझ्यासारख्या मध्यस्थ संकेतस्थळांसाठीची) सेवा याच कामासाठी आहे. तिथे प्रत्येक सेवादात्याचे स्वतंत्र उपखाते उघडते, त्याची केवायसी पडताळणी होते आणि रकमेतून तुझे कमिशन वेगळे काढले जाते. मात्र व्यवहार कोणाच्या नावावर नोंदला जातो, हे तिथेही तुलाच ठरवावे लागते. स्ट्राइपमध्ये तो थेट सेवादात्याच्या खात्यावर करता येतो, तुझ्या खात्यावर करून लगेच त्याच्याकडे वळवता येतो, किंवा तुझ्या खात्यावर करून रक्कम पुढे केव्हा आणि किती जणांना द्यायची हे नंतर ठरवता येते. तुझ्याकडे काम पूर्ण झाल्यावरच पैसे सोडायचे आहेत आणि एका कामात कधी दोघे तिघेही असतात, त्यामुळे तिसरा प्रकार जुळतो. त्यात रिफंड आणि चार्जबॅक (ग्राहकाने आपल्या बँकेकडे तक्रार करून परत घेतलेली रक्कम) प्रथम तुझ्या खात्यातून वजा होतात, एवढे मात्र ओळखून राहा.

‘कार्डावर रक्कम फक्त अडकवून ठेवू आणि काम झाल्यावर वसूल करू’ असेही तू लिहिले आहेस. आज नोंदवून परवा होणाऱ्या कामाला हे चालेल. परंतु ऑनलाइन व्यवहारात अशी मंजुरी बहुतेक कार्डांवर साधारण 7 दिवसच टिकते. तीन आठवड्यांनंतरच्या कामासाठी एकतर आधीच पूर्ण वसुली करावी लागेल, किंवा कार्ड जतन करून ऐनवेळी वसुली करावी लागेल आणि ती नाकारली जाण्याची जोखीम घ्यावी लागेल. मी आधी वसूल करून सेवादात्याचे पेआउट (त्याला द्यायची रक्कम) रोखून धरण्याच्या बाजूने आहे. फक्त प्रोसेसर, म्हणजे पेमेंट कंपनी, ते किती दिवस रोखू देतो, हे लेखी विचार.

चार्जबॅकबद्दल तुझ्या तक्त्यात एकच ओळ आहे, आणि मला खरी चिंता तिचीच वाटते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांनुसार ग्राहकाला तक्रारीसाठी सर्वसाधारणपणे 120 दिवस मिळतात, आणि सेवाच मिळाली नाही अशी तक्रार असेल तर ते सेवा अपेक्षित होती त्या तारखेपासून मोजले जातात. तोवर तुझ्या सेवादात्याने पैसे घेऊन खर्चही केलेले असतील. वस्तू विकणाऱ्याकडे निदान कुरिअरची पोच असते. शिकवणीचा तास झाला की नाही, भाषांतर ठरल्यासारखे झाले की नाही, याची पोच कोण देणार? यासाठी कामाच्या शेवटी ग्राहकाकडून संकेतस्थळावरच ‘काम पूर्ण’ अशी नोंद घे, दोघांमधले संदेश तिथेच होऊ दे आणि रद्द करण्याच्या अटी पैसे भरण्यापूर्वी मान्य करून घे, म्हणजे वाद उद्भवला की बँकेपुढे ठेवायला कागद राहील. थ्री-डी सिक्युअर पडताळणीमुळे (पैसे भरताना बँक ओटीपीसारखी खात्री करून घेते ती) चोरीच्या कार्डाचा भार बहुधा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, पण काम वाईट झाले या तक्रारीला तिचा काहीही उपयोग नाही. सेवादात्याचे उपखाते उणे गेले तर वसुली कोण करणार, हे कलम करारात शोध. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘प्लॅटफॉर्म’, म्हणजे तू, असेच असते.

आता दर. ग्राहकाने 100 भरले, तुझे कमिशन 15 आणि प्रोसेसरचा आकार 3 टक्के धरला, तर तो आकार 100 वर लागतो, 15 वर नाही. म्हणजे तुझ्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा तिथेच जातो. काम रद्द होऊन पूर्ण रिफंड दिला तर अनेक प्रोसेसर मूळ आकार परत करत नाहीत, आणि तेव्हा कमिशन शून्य असून खर्च मात्र 3 राहतो. त्यात प्रत्येक पेआउटचा, चलनबदलाचा आणि चार्जबॅकचा वेगळा आकार मिळव. असा हिशेब मांडलास की तक्त्यातला अर्ध्या टक्क्याचा फरक तितका मोठा वाटणार नाही. रद्द होणाऱ्या कामांचे प्रमाण त्याहून जास्त बोलेल.

कार्डाचे आकडे तुझ्या सर्व्हरला शिवू देऊ नकोस; प्रोसेसरच्याच पानावर ते भरून घेतलेस की पीसीआय डीएसएस या कार्डसुरक्षेच्या मानकातल्या अटींचे ओझे बरेच हलके होते. पुढे कंपनी बदललीस तर जतन केलेल्या कार्डांचे टोकन (आकड्यांऐवजी वापरायच्या सांकेतिक खुणा) नव्या प्रोसेसरकडे हलवून मिळतील का, हेही आताच विचार, कारण निघताना विचारणाऱ्याला कोणी घाईने उत्तर देत नाही.

तुझ्या प्रोग्रामरला एवढे सांग की वेबहुकची, म्हणजे प्रोसेसरकडून तुमच्या सर्व्हरला आपोआप येणारी, तीच सूचना दोनदा येऊ शकते, आणि म्हणून एका कामाचे पैसे दोनदा सुटणार नाहीत अशी तजवीज हवी. प्रोसेसरचा अहवाल, बँकेचे विवरण आणि तुमची स्वतःची खातेवही यांचा ताळमेळ रोज घातला जावा, महिनाअखेरीस नव्हे. सुरुवातीचे काही दिवस ती वही मी पाहीन.

तक्त्यातल्या पहिल्या दोन कंपन्यांकडून कराराचा पूर्ण मसुदा मागवून मला पाठव. राखीव रक्कम (प्रोसेसर जोखमीपोटी अडवून ठेवतो ती), खाते गोठवणे आणि उणे शिल्लक यांची कलमे आपण एकत्र वाचू; तोवर कोणाशीही सही करू नकोस.

तुझे,
बाबा