डोकी मोजली, मतदार नव्हे

संपादक महोदय,
स. न.

टेक्सासवरच्या आपल्या रविवारच्या लेखात ‘राज्यातील चाळीस टक्के मतदार हिस्पॅनिक’ (म्हणजे मूळचे स्पॅनिशभाषक देशांतले) असं वाक्य आहे. हा आकडा लोकसंख्येचा आहे, मतदारांचा नाही. मी मूळची मिरजेची, गेली वीस वर्षं डॅलसजवळ फ्रिस्कोला राहते. हा फरक मी माझ्याच घरात पाहिला आहे.

२०२० च्या जनगणनेत आमच्या घरातली चार माणसं मोजली गेली. मतदार मात्र एकही नव्हता. आम्हा नवराबायकोकडे ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्व नव्हतं. मुलं इथंच जन्मलेली, म्हणून नागरिक. पण वयं चौदा आणि अकरा. २०२३ मध्ये आम्ही दोघांनी नागरिकत्वाची शपथ घेतली, पुढच्या वर्षी लेकीला अठरा पूर्ण झाली आणि २०२४ च्या निवडणुकीत याच घरातून तीन मतं पडली.

हिस्पॅनिक कुटुंबांचं असंच आहे. त्या जनगणनेत राज्यात हिस्पॅनिक ३९.३ टक्के आणि बिगर-हिस्पॅनिक गोरे ३९.७ टक्के, म्हणजे जवळजवळ बरोबरीत. पण अठरा वर्षांवरचे नागरिक तेवढेच धरले, तर हिस्पॅनिक साधारण एक तृतीयांश उरतात आणि गोरे निम्म्याच्या आसपास जातात. मतदारसंघ आखताना मात्र मुलंबाळं, परदेशी नागरिक सगळे धरतात. २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं टेक्सासच्याच खटल्यात ही पद्धत वैध ठरवली.

मी मतदार नोंदणीची स्वयंसेवक आहे. शपथविधी आटोपला की आम्ही बाहेर टेबल मांडून बसतो. गेल्या खेपेला एका मेक्सिकन आजींनी हातातला छोटा झेंडा दातात धरून अर्जावर सही केली. पोचपावती घडी करून पर्समध्ये ठेवली, पुन्हा काढून पाहिली, पुन्हा ठेवली. घरी सून आणि दोन नातू. सुनेचे कागद अजून व्हायचेत, नातू शाळकरी. चार माणसांमागे मतदार एकच, आणि तीही त्या सकाळपासून. त्या अर्जावर वंशाचा रकाना नसतो, हेही सांगायला हवं. वंशाचे आकडे येतात ते जनगणना खात्याच्या पाहण्यांमधून.

आणि हिस्पॅनिक म्हणजे एकाच, डेमोक्रॅटिक पक्षाची मतं, हे लेखातलं गृहीतकही पटलं नाही. मेक्सिकोच्या सीमेवरच्या स्टार काउंटीत (जिल्ह्यात) जवळजवळ सगळी वस्ती हिस्पॅनिक. तिथं २०२४ मध्ये शतकाहून अधिक काळानंतर अध्यक्षपदाच्या रिपब्लिकन उमेदवाराला आघाडी मिळाली.

आपला लेख मिरजेत माझे वडीलही वाचतात आणि फोनवर मला हेच चाळीस टक्के ऐकवतात. कृपया दुरुस्ती छापावी. पुढच्या लेखात लोकसंख्येच्या शेजारी अठरा वर्षांवरील नागरिकांचा आकडाही द्यावा, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
फ्रिस्को, टेक्सास