आठवड्यातून एक दिवस, वाळपईत

मा. आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस
सविनय नमस्कार.

माझा नातू साडेतीन वर्षांचा. कान तपासून झाले, ऐकू नीट येतं. बोलणं तेवढं मागे. म्हणून दर पंधरा दिवसांनी आम्ही दोघं वाळपईहून पहिली बस धरतो आणि साखळीला बदलून पणजीला स्पीच थेरपीला जातो. पोचेपर्यंत पोर पेंगुळलेलं असतं.

परवा बाईंनी मला पहिल्यांदा आत बसू दिलं. अट एकच, मध्ये बोलायचं नाही. मी जन्मभर बालवाडी चालवलेली, जमणार कसं? बाईंनी खेळण्यातलं मांजर उचलून नातवाला विचारलं, "हें कितें?" आणि त्याच्याआधी मीच "माजर रे!" म्हणून मोकळी झाले. बाईंनी हसत ओठांवर बोट ठेवलं. प्रश्न विचारला की त्या मनात दहापर्यंत मोजतात. घरी आम्ही चार मोठी माणसं त्याला दोन आकड्यांचीही सवड देत नाही, हे मला त्या खुर्चीत कळलं.

मग साबणाचे फुगे. मला वाटायचं, फुंकून जीभ सुटते. तसं काही नाही. बाई एकदा फुगे सोडतात, डबी घट्ट लावतात आणि गप्प बसतात. आता मुलांना मागावं लागतं. पेडण्याहून आलेली मुलगी "आनीक" म्हणाली. दुसऱ्याने हात पुढे करून नुसतं "आ" केलं. त्यालाही फुगे मिळाले.

नंतर निघाला पोदेराचा भोंगा, रोज सकाळी पाव घेऊन दारात वाजतो तसलाच. पों! ओठ मिटून उघडले की झाला 'प'. प, ब, म ओठांवर दिसतात, म्हणून पोरांना लवकर येतात. 'क' आणि 'ग' आत, मागे होतात, दिसत नाहीत. म्हणून तर काकाचा 'ताता' होतो.

चित्रांचा छापील संच मात्र इंग्रजी. 'आय' अक्षराला बर्फाचं घर! बाईंनी तो बाजूला सारून कॅलेंडरच्या पाठीवर स्वतः काढलेला मासा दाखवला. दहा आकडे गेले. नातू म्हणाला, "बांददा." "हय, बांगडो! व्हडलो बांगडो!" चूक न दाखवता बाईंनी शब्द नीट करून परत दिला.

याआधी एका ठिकाणी आम्हाला सांगितलं होतं, घरात कोंकणी-मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. मला इंग्रजी येत नाही, त्यामुळे चार महिने मी नातवाशी जवळजवळ बोललेच नाही. दोन भाषांमुळे मूल बोलण्यात मागे पडत नाही, हे या बाईंनी सांगितलं तेव्हा मला रडू आलं. ते चार महिने कुठून आणू?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी त्यात ठरलेली आहे आणि भाषाविकासातला विलंबही त्या यादीत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही वाचा आणि भाषेची अक्षमता नोंदलेली आहे. दिव्यांगांसाठी गोव्यात भरतो त्या पर्पल फेस्टलाही मी जाऊन आले. चांगला असतो, खोटं कशाला बोलू. पण तपासणीत मूल सापडलं की आमच्या सत्तरी तालुक्यातल्या आईने रोजंदारी बुडवून दर खेपेला पणजी गाठायची का?

आठवड्यातून एक दिवस थेरपिस्ट वाळपईत बसू दे. तसाच पेडण्यात, सांग्यात, काणकोणात. बांगडा, माड, पोदेर, गणपतीवर फळं-पानं टांगतो ती माटोळी असा चित्रसंच कोंकणी-मराठीत छापून द्या. आणि प्रत्येक खोलीत घरच्या माणसासाठी एक खुर्ची ठेवा; बाईंकडे चाळीस मिनिटं, बाकीचे पंधरा दिवस पोर आमच्याकडेच असतं.

आमची पुढची तारीख सोमवारची आहे. पाऊस असला तरी पहिल्या बसनेच निघू.

आपली,
वाळपईची एक आजी