फोनवर सांगवलं नाही म्हणून

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे सांगायला मी फोनवर तीनदा सुरुवात केली. एकदा बाबांनी मध्येच तिकडची हवा विचारली, एकदा तुमच्याकडे कुकरची शिट्टी झाली, आणि तिसऱ्यांदा माझाच आवाज फुटेना. म्हणून पत्र लिहायला बसले. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका. तुम्ही गाळता, मला माहीत आहे.

इथला करार मी आणखी दोन वर्षांसाठी वाढवून घेतला. गेल्या शुक्रवारी सही केली. तुम्हाला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर "तुझं तू बघ बाळा, आमचं काय" एवढंच म्हणाला असतात आणि आईनं विषय बदलला असता. मग त्या "आमचं काय" चं ओझं घेऊन मी सही केली असती. तसं नको होतं मला. पैशासाठी थांबले असं मात्र मनात आणू नका. पुण्यात दादाच्या जवळ नोकरी मिळाली असती, पगारही फार कमी नव्हता. पण हाती घेतलेलं काम अर्ध्यावर आहे आणि ते मला माझ्या हातानं पुरं करायचं आहे. शिवाय व्हिसाचं, घरभाड्याचं, सगळं नीट बसलंय. हीटर चांगला आहे, खिडकीतून वारा येत नाही, पायात लोकरीचे मोजे असतात. शेंगाचटणी अजून अर्धी बरणी आहे. कडक भाकऱ्या मात्र संपल्या.

कामाबद्दल मी कधी नीट सांगितलं नाही. हॅमिल्टनच्या या मॅकमास्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयात वेरा ब्रिटन या इंग्रज बाईची कागदपत्रं आहेत. 1970 साली ती गेली, त्यानंतर तिच्या रोजनिश्या, पत्रं, सगळं समुद्र ओलांडून इथे कॅनडात आलं. पहिल्या महायुद्धात ती नर्स होती. तशी शिकलेली नर्स नव्हे, आई, तू लगेच विचारशील. ऑक्सफर्डचं शिक्षण मध्येच सोडून 1915 साली, एकविसाव्या वर्षी, स्वयंसेवक म्हणून वॉर्डात उतरलेली. आधी तिच्या गावच्या, बक्स्टनच्या दवाखान्यात, मग लंडनला, मग माल्टा बेटावर, आणि 1917 च्या ऑगस्टपासून फ्रान्सच्या किनाऱ्यावर एताप्लला. तिथे तिला पहिल्यांदा कुठला वॉर्ड मिळाला असेल? जखमी जर्मन कैद्यांचा. सख्खा भाऊ आघाडीवर जर्मनांशी लढतोय, आणि ही त्यांच्या जखमा धुतेय. ते वाचलं तेव्हा तूच डोळ्यांपुढे आलीस. वॉर्डात आला तो पेशंट, त्याची जात-गाव बाहेरच्या पायरीवर, असं तू त्या नव्या पोरींना सांगायचीस ना.

ही पत्रं बघायची म्हणजे हात स्वच्छ आणि कोरडे हवेत, टेबलावर पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. पान उलटताना श्वास आपोआप धरला जातो. एकेक कागद असा निघतो की त्या दिवशी दुसरं काही होत नाही. तिचा ज्याच्याशी विवाह ठरला होता तो रोलंड 1915 च्या नाताळला रजेवर यायचा होता. ही ब्रायटनच्या हॉटेलात वाट बघत बसली. 26 डिसेंबरला फोन आला तो त्याच्या बहिणीचा. तो 23 तारखेलाच गेला होता. पुढे जानेवारीत त्याचे कपडे त्याच्या आईकडे परत आले, चिखलानं आणि रक्तानं माखलेले. त्या कपड्यांच्या वासाबद्दल तिनं भावाला जे लिहिलं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. आईला वास म्हणजे काय ते कळतं. भूकंपानंतर किल्लारीहून आल्यावर तू तुझी पांढरी साडी घरात घेऊ दिली नव्हतीस, अंगणातच भिजवली होतीस. मी नऊ वर्षांची होते, मला वाटलं तू माझ्यावर रागावलीस म्हणून जवळ येऊ देत नाहीस.

तेव्हाचं मी कधी बोलले नाही. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून झोपलो होतो, आणि 30 सप्टेंबरच्या त्या पहाटे फडताळातली भांडी खणखणली. दुपारी हॉस्पिटलच्या गाडीत बसून तू गेलीससुद्धा. अठरा दिवस. बाबांनी रोज पिठलं केलं. दहाव्या दिवशी जीपवाल्याच्या हाती तुझी चिठ्ठी आली, कोऱ्या केसपेपरच्या मागच्या बाजूला लिहिलेली. "चिमे, केस रोज विंचर. बाबांना विळीवर बसू देऊ नकोस. मी बरी आहे." एवढंच. ती चिठ्ठी माझ्याजवळ आहे, आई. घडीच्या जागी फाटायला आली होती. इथल्या सहकारी बाईंना विचारून मी ती चांगल्या, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटात ठेवली. तुझ्या "मी बरी आहे" मधला "ब" जरा वाकडा आलाय. तू बरी नव्हतीस, हे मला आता कळतं.

आता ज्यासाठी लिहितेय ते. 1918 च्या मार्चमध्ये जर्मनांनी मोठा हल्ला चढवला आणि एताप्लचे वॉर्ड जखमींनी भरून गेले. त्याच दिवसांत वेराला वडिलांचं पत्र गेलं की आईची तब्येत बिघडली आहे, घरी ये, तुझं कर्तव्य आहे. ती करार मोडून एप्रिलअखेर लंडनला परतली. रणांगण सोडून पळाल्यासारखं वाटलं, असं तिनं पुढे लिहिलं आहे. आई-वडिलांवरचा तो राग बरीच वर्षं तिच्या लिहिण्यात दिसत राहतो. पण 15 जूनला तिचा भाऊ एडवर्ड इटलीत मारला गेला आणि आठवड्यानं दारावर तार आली, तेव्हा घरी वडिलांजवळ ती होती. ती परत आली नसती तर त्या म्हाताऱ्या माणसानं ती तार एकट्यानं घेतली असती.

हे वाचल्यावर दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. तिला बोलावलं ते बरोबर की चूक, मला ठरवता येत नाही, आणि मी ठरवायचं कारणही नाही. मला एवढंच खुपलं की तिच्या वडिलांनी कळवलं तरी. बाबा, आई न्हाणीघरात पडली त्याला बावीस दिवस झाल्यावर मला समजलं, तेही शेजारच्या काकूंच्या तोंडून निसटलं म्हणून. तोवर रोज फोनवर "सगळं ठीक". व्हिडिओ लावला की आई नुसता चेहरा दाखवायची, डावा हात पदराखाली. मी रागावले होते. आता नाही रागावलेली, खरंच. तुम्ही माझ्या काळजीपोटीच लपवलंत, कामात मन लागावं म्हणून. पण लपवल्यानं मन लागत नाही हो बाबा. आता फोन वाजला की आधी पोटात गोळा येतो, आणि तुम्ही "ठीक" म्हणालात की मी तुमच्या आवाजात दुसरं काहीतरी शोधत बसते.

तेव्हा माझं एकच मागणं आहे. मी दोन वर्षं इथे आहे, पण मला खरं कळवा. ताप आला तर ताप, पडलात तर पडलात. मी लगेच विमानात बसेन असं नाही. कदाचित बसणार नाही, दादाच धावेल. पण मला माहीत असू दे. आणि खरंच ये म्हणावंसं वाटलं तर म्हणा. वेराच्या बाबांसारखं कर्तव्य वगैरे घालू नका, नुसतं "ये" म्हणा. करारात तशी सोय आहे, मी विचारून घेतली आहे.

आता सांगते ते तुम्ही ऐकायचं. न्हाणीघरात दोन ठिकाणी पकडायला दांडे बसवून घ्या, दादाला पैसे पाठवले आहेत, ते परत करायचे नाहीत. रबरी चटई आली असेल तर ती गुंडाळून माळ्यावर टाकू नका, पसरा. आईनं स्टुलावर बसूनच अंघोळ करायची. डॉक्टरांनी दिलेला मऊ चेंडू रोज दाबायचा, दहा-दहा वेळा, टीव्ही बघताना. तू तुझ्या पेशंटना किती दटावायचीस व्यायामासाठी, आता तुझी पाळी. भाकरी थापणं तीन महिने बंद. बाई लावा, तिला चिकटून स्वयंपाकघरात उभं राहू नकोस. बाबा, प्रेशरची गोळी नाश्त्याआधी, आणि रात्री उठलात की आधी दिवा लावा, मग पाय खाली.

आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक. मागे आई म्हणाली, दिवाळीला रद्दीवाला बोलावून सगळं काढून टाकायचं. त्यात आजोबांची आंतरदेशीय पत्रं आहेत, तुझ्या नर्सिंग कॉलेजच्या वह्या आहेत आणि किल्लारीच्या वेळची तुझी ती छोटी डायरी आहे, ज्यात तू फक्त तारखा आणि आकडे लिहिलेस. तिला हात लावू नका. उतरवायलाही तुम्ही चढू नका. मी गड्ड्याच्या जत्रेला येतेय. 3 जानेवारीचं तिकीट काढलंय, पाच आठवडे राहीन. तेव्हा दोघी मिळून ट्रंक उघडू, आणि कुठला आकडा कशाचा ते तू मला सांगशील. सांगावंसं वाटलं तर. नाही वाटलं तर नुसती शेजारी बस, मी धूळ पुसेन.

या पानाच्या मागे जागा कोरी ठेवली आहे. आई, उजवा हात शाबूत आहे तुझा. मनगट रात्री दुखतं का, वेणी कोण घालतं, एवढं तुझ्या अक्षरात लिही आणि दादाकरवी फोटो पाठव.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, ट्रंकेची किल्ली देवघराच्या खालच्या खणात, कापराच्या डबीत आहे. दादाला सांगू नका, तो उगाच आधी उघडेल.